पुणेरी पलटण : अस्लम इनामदारच्या कर्णधारपदाच्या प्रारंभीचा संघ (2023–24)

प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामातील पुण्याच्या व्यावसायिक संघाचे बलाबल. नवव्या हंगामाची अंतिम लढत पलटणने 17 डिसेंबर 2022 रोजी मुंबईत जयपूर पिंक पँथर्सविरुद्ध 29–33 अशी गमावली. त्या वेळी कर्णधार इराणचा डावा कोपरारक्षक फजल अत्राचली होता. पुढील लिलावापूर्वी तो आणि अष्टपैलू मोहम्मद नबीबक्ष यांना संघाने मुक्त केले, आणि नेतृत्व आठव्या हंगामापासून (2021–22) संघात असलेल्या अस्लम इनामदारकडे आले. अस्लम हा अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील चढाईपटू. बाहेरचा नामवंत कर्णधार न आणता घरात वाढलेल्या खेळाडूवर भार टाकण्याचा हा निर्णय धाडसाचाच म्हटला पाहिजे.

चढाई : अस्लमच्या जोडीला मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे व आदित्य शिंदे. अस्लम व आकाश हांगझोऊ आशियाई स्पर्धेतील सुवर्णविजेत्या भारतीय संघात होते. हंगामातील सर्वोत्तम चढाईपटूचा मान पलटणच्या कोणालाही मिळाला नाही, तो दिल्लीच्या आशू मलिकला गेला. गुण अनेकांत वाटले गेल्याने कर्णधार बाद होऊन बाहेर बसला तरी चढाई थांबत नसे.

बचाव : संघाचे खरे बळ येथे होते. फजलच्या रिकाम्या झालेल्या डाव्या कोपऱ्यासाठी इराणच्याच मोहम्मदरेझा शादलुई याला 2 कोटी 35 लाख रुपयांना घेतले. संपूर्ण संघासाठी खर्चाची मर्यादा 5 कोटी असताना जवळपास निम्मी रक्कम एका खेळाडूवर गेली. लिलावाच्या दोनच दिवस आधी, 7 ऑक्टोबर 2023 रोजी, हांगझोऊच्या अंतिम सामन्यात तो अस्लमच्या विरुद्ध बाजूला होता. भारताने तो सामना 33–29 असा जिंकला; त्यातील लॉबीच्या (मैदानाच्या दोन्ही कडांच्या पट्ट्यांच्या) नियमावरून झालेल्या निर्णयाबाबत मतभेद आहेत. उजव्या कोपऱ्यात गौरव खत्री, मध्यरक्षक म्हणून अबिनेश नादराजन (उजवीकडे) व संकेत सावंत (डावीकडे). शादलुई चढाईपटू परतायला वळण्याची वाट न पाहता पुढे झेपावतो. पाय हाती लागला तर गुण निश्चित, पण निसटला तर कोपरा उघडा पडतो. ती फट त्याच क्षणी बुजवण्याचे काम शेजारच्या मध्यरक्षकाचे, म्हणजे संकेतचे. असे काम पकडीच्या गुणांत पुरते उतरत नाही, म्हणून त्याची येथे मुद्दाम नोंद. शादलुई 99 गुणांसह हंगामातील सर्वोत्तम बचावपटू ठरला.

प्रशिक्षक : बी. सी. रमेश.

कामगिरी : 22 साखळी सामन्यांत 17 विजय, 3 बरोबरी, 2 पराभव, 96 गुणांसह अव्वल स्थान. उपांत्य फेरीत पाटणा पायरेट्सवर 37–21 अशी मात. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला 28–25 असे हरवून पलटणने पहिले विजेतेपद मिळवले. अंतिम सामन्यात पंकज मोहितेने 9 गुण घेतले, त्यांत एकाच चढाईत टिपलेले 4. स्पर्धेतील सर्वांत मौल्यवान खेळाडू अस्लम ठरला.

नंतरची वाटचाल : अकराव्या हंगामात अस्लम जायबंदी झाला आणि संघ बाद फेरीपर्यंत पोहोचला नाही. 2025 मध्ये, अजय ठाकूर प्रशिक्षक असताना, पलटणने पुन्हा अंतिम फेरी गाठली, पण दिल्लीच्या त्यागराज स्टेडियमवर दबंग दिल्लीने ती 31–28 अशी जिंकली.