पाण्याकाठचा मुक्काम

थंडी पडली की शनिवारी दुपारनंतर मुंबई-ठाण्याच्या गाड्या आपल्याकडे वळायला लागतात. कुणी आटगाववरून तानसाच्या बाजूला, कुणी भातसाकडे, कुणी मुरबाड ओलांडून माळशेजच्या पायथ्याला. रंगीत तंबू, शेकोटी, गाणी, आणि रविवारी जेवून परत. काही गटांना या मंडळींच्या जेवणाचं काम मिळतं. काहींच्या शेताच्या बांधावर तंबू लागतात. गटाच्या बैठकीत त्यावर वादही होतात: हे काम घ्यावं का, किती पैसे लावावेत, आपलं पाणी द्यावं का. त्या वादात उपयोगी पडेल म्हणून आज मुक्कामाचा इतिहास सांगते.

हे खूळ नवीन आहे असं आपल्याला वाटतं. नवीन आहे ते तंबूचं कापड. पाणी बघून उतरायचं, रात्र काढायची आणि पुढे जायचं, हे आपल्या शहापूर-मुरबाडच्या मुलखात फार जुनं आहे. मी एवढंच बघते: उतरणाऱ्यानं जागेला काय दिलं, जागेतून काय नेलं, आणि त्याची चूल कुणी पेटवली?

सगळ्यात जुना मुक्काम नाणेघाटातला. कल्याण बंदरात उतरलेला माल मुरबाडच्या बाजूनं घाट चढून जुन्नरला जायचा. घाटाच्या माथ्यावर कातळात खोदलेलं लेणं आहे, पाण्याची टाकी आहेत, आणि जकातीची नाणी टाकायचा म्हणतात तो दगडी रांजणही आहे. लेण्याच्या भिंतीवर दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे तो एका बाईचा. सातवाहनांची राणी नागनिका. केलेले यज्ञ आणि दिलेलं दान, गायी, घोडे, नाणी, सगळं तिथं आकड्यांसकट कोरलेलं आहे. आपण गटाची वही लिहितो ना, तशीच ती वही, फक्त दगडावर. वाटसरूनं जकात द्यायची आणि त्याला छप्पर अन् पाणी मिळायचं. व्यवहार उघड होता.

दुसरा मुक्काम धनगरांचा. दिवाळीनंतर देशावरचे मेंढपाळ घाट उतरून कोकणात यायचे, अजूनही येतात. कापलेल्या भातशेतात मेंढ्या बसवायच्या, त्या बदल्यात शेतकऱ्यानं धान्य द्यायचं. मेंढ्यांना चारा मिळाला, शेताला लेंडीखत मिळालं. बायका पालाबाहेर तीन दगडांची चूल मांडायच्या आणि चार दिवसांनी बिऱ्हाड घोड्यावर चढवून पुढे निघायच्या. तळ हलला की जमीन आधीपेक्षा चांगली झालेली असायची. असा मुक्काम मला दुसरा माहीत नाही.

इंग्रजांच्या अमलात तळाचा अर्थच बदलला. हिवाळ्यात साहेब जिल्हा बघायला निघायचा. तंबू, खाटा, पेट्या, घोडे, नोकर, असा मोठा पसारा असायचा. तळ पडायचा नदीकाठी, आंब्याच्या सावलीत. पण ओझं वाहायचं कुणी? सरपण, गवत, दूध, कोंबड्या आणायच्या कुणी? गावातल्या आणि पाड्यावरच्या माणसांनी, बहुतेक वेळा फुकट किंवा नावापुरत्या पैशांत. हीच वेठ. साहेबच नव्हे, जमीनदार आणि जंगलाचे ठेकेदारही ती घ्यायचे. गोदावरी परुळेकरांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९४५च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली आणि त्यानंतर डहाणू-उंबरगावकडच्या वारल्यांनी वेठ करणार नाही असं ठामपणे सांगितलं. म्हणून माझं मत असं, की पाहुण्यांसाठी भाकऱ्या भाजण्यात कमीपणा काहीच नाही; पण दर आधी न ठरवता भाजू नयेत. दर न ठरलेलं काम कुठं जातं हे आपल्या आज्यांनी पाहिलेलं आहे.

आता तानसाकडे येऊ. हा मुक्काम सगळ्यात मोठा, आणि तो अजून उठलेला नाही.

मुंबईत कापडगिरण्या वाढल्या, माणसं वाढली आणि विहिरी-तलाव पुरेनात. १८६० साली विहार तलावाचं पाणी नळानं शहरात गेलं. १८७९ साली तुळशी तलाव झाला. तरी भागेना. मग इंजिनियरांनी शहराबाहेर लांब नजर टाकली आणि त्यांना आपली तानसा नदी दिसली. हेक्टर टलॉक नावाच्या अधिकाऱ्यानं ही जागा सुचवली होती, पुढे क्लार्क नावाच्या इंजिनियरच्या देखरेखीखाली धरण उभं राहिलं. १८९२ साली व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाऊन यांच्या हस्ते पाणी सुरू झालं. धरणाची भिंत जवळजवळ पावणेतीन किलोमीटर लांब, सगळी दगड आणि चुन्याची. आज भिंत पाहताना सिमेंट-काँक्रीटची सवय झालेल्या डोळ्यांना हे खरं वाटत नाही. दगड फोडायचा, वाहायचा, चुना मळायचा, घमेली द्यायची, हे सगळं हातांनी. त्या काळी अशा कामावर कुटुंबंच्या कुटुंबं यायची. भिंत पुरी होईपर्यंत काही वर्षं मजुरांची वस्तीच या रानात होती. उद्घाटनाला साहेबांचं नाव लागलं, घमेली वाहणाऱ्यांची नावं कुठल्या दगडावर नाहीत.

तानसाची जागा उंचावर आहे. त्यामुळे पाणी पंपानं चढवावं लागत नाही, उतारानं आपोआप मुंबईकडे जातं. पहिल्या नळानंतर आणखी मोठे नळ टाकले गेले. तेच नळ आज रस्त्याच्या कडेनं दिसतात, ज्यांच्यावर आपली पोरं बसतात. नंतर वैतरणेवर मोडक सागर झाला, मग अप्पर वैतरणा, भातसा, आणि २०१४ साली मध्य वैतरणा. आज मुंबई पिते ते बहुतेक पाणी आपल्या या डोंगरांतून जातं. एकट्या तानसा तलावात भरल्यावर साडेचौदा हजार कोटी लीटर पाणी मावतं. आणि त्याच शहापूर तालुक्यात एप्रिल-मे आला की कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. हे तुम्हाला मी काय सांगणार, हंडा तुमच्याच डोक्यावर असतो.

याच मुलखात एक मुक्काम असाही पडला, ज्यानं मुंबईला जाणारी वीज थांबवली. मुरबाड तालुक्यातला सिद्धगड. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, नाभिक समाजातले, वकील झालेले. दुष्काळात शेतकरी सावकाराच्या दारात जाऊ नये म्हणून त्यांनी धान्यकोठारं काढली, मुलांसाठी शाळा काढल्या. १९४२च्या चळवळीत त्यांनी आझाद दस्ता उभा केला. त्यांनी डोंगरातून मुंबईकडे जाणारे विजेचे मनोरे पाडले, कारखाने बंद पडले. पोलीस मागावर लागले तसा दस्ता रानात सरकत गेला आणि शेवटी सिद्धगडाच्या जंगलात तळ पडला. खबर फुटली. २ जानेवारी १९४३च्या पहाटे पोलिसांनी तळाला वेढा घातला. गोळीबारात भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी २ जानेवारीला लोक तिथं जमतात.

या तळाच्या गोष्टीत पुरुषांची नावं येतात. पण महिनोन् महिने रानात लपलेल्या माणसांना भाकरी लागते, मीठ लागतं, पुढच्या वाटेवर पोलीस आहेत का याची खबर लागते. ती वस्तीतूनच येते. सापडलं तर काय होईल हे ठाऊक असताना कुणीतरी चूल पेटवत होतं.

आणि एक मुक्काम, ज्याला कुणी कँपिंग म्हणत नाही. दिवाळी झाली की आपल्या कातकरी वाड्या ओस पडतात. घरं कुलूप लावून, पोरांना, कोंबड्यांना घेऊन कुटुंबं भिवंडी, कल्याणकडे वीटभट्टीवर जातात. पेंढा, ताडपत्री आणि कच्च्या विटांची खोप, जवळ पाणी असलं तर नशीब. हातात आधी घेतलेली उचल असते, म्हणून हिशेब मालकाच्या वहीत. पाऊस जवळ आला की परत. वेठबिगारीला बंदी घालणारा कायदा १९७६ साली आला, पण पोरांची शाळा त्या खोपीत अजूनही बुडते. म्हणजे बघा, त्याच महिन्यांत शहरातले लोक हौसेनं आपल्याकडे तंबूत येतात आणि आपले लोक पोटासाठी शहराच्या कडेला खोपीत जातात. दोन्हीकडचे लोक एकाच महामार्गानं समोरासमोरून जातात.

याच कारणासाठी, तंबूच्या कामाला सरसकट नाही म्हणू नका असं मला वाटतं. त्या कामानं दोन कुटुंबं जरी भट्टीवर जायची थांबली, तरी ते काम मोठं आहे. पण काही गोष्टी माहीत हव्यात. १९७० सालापासून तानसा अभयारण्य आहे. रानपिंगळा हे दुर्मीळ घुबड, जे शंभरावर वर्षं कुणाला दिसलं नव्हतं आणि १९९७ साली नंदुरबारकडे सापडलं, ते २०१४ साली आपल्या तानसातही दिसलं. अभयारण्यात बाहेरच्या माणसाला वनखात्याच्या परवान्याशिवाय जाता येत नाही. ज्यांची घरं-जमिनी हद्दीत आहेत, त्यांना स्वतःच्या येण्याजाण्यासाठी तो लागत नाही, पण पाहुण्यांना लागतो. कुणी एजंट म्हणाला ‘ताई, काही लागत नाही’, तर कागद दाखव म्हणा. दंड झाला तर तो निघून गेलेला असतो, आपण इथंच असतो. तलाव तर पिण्याच्या पाण्याचा, तिथं आंघोळ, भांडी, बाटल्या नाहीत. संडासाची सोय नसेल तर शेतात तंबू लावू देऊ नका, कारण सोमवारी त्या बांधावरून आपल्यालाच जायचं असतं. आणि पाण्याचा हिशेब लावा. वीस माणसांना रात्रभर किती हंडे लागले ते मोजून दरात धरा. जानेवारीत विहीर भरलेली दिसते म्हणून फुकट दिलेलं पाणी मे महिन्यात आठवतं.

म्हशाच्या यात्रेचा मुक्काम आज राहून गेला. पौष पौर्णिमेची यात्रा, बैलबाजार, घोंगड्या, बैलगाड्यांखाली काढलेल्या रात्री, त्यावर पुढच्या भागात बोलू. ज्यांची आजी किंवा सासू गाडीत बसून म्हशाला गेली असेल, त्यांनी तिला विचारून ठेवा: शिदोरीत काय होतं, पाणी कुठून आणलं, किती रात्री राहिलात. केंद्रावर या आणि सांगा. आपण ते तिच्याच आवाजात ऐकवू.