श्रुतलेखनाची कुळकथा

बोलणाऱ्याच्या मुखातून निघालेले शब्द जसेच्या तसे लिखित करण्याचा जो उद्योग आज संगणकाकडे सोपविण्यात आला आहे, आणि ज्याच्या बळावर तासाभराच्या चित्रफितीची संहिता काही मिनिटांत हाती पडते, त्याचे कूळ शोधू जाणाऱ्या मराठी माणसाला फार लांब जाण्याचे कारण नाही. छत्रपती संभाजीनगरच्या परिसरातच, पैठणला आणि येळापुरास म्हणजे आजच्या वेरुळास, महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर यांचे वास्तव्य घडले. आणि त्यांच्या उत्तरापंथगमनानंतर, ज्यांनी ज्यांनी त्यांचे बोलणे प्रत्यक्ष ऐकले होते अशांना गाठून, त्यांच्या आठवणी पारखून, चक्रधरशिष्य नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली ऋद्धिपुरी म्हाइंभटाने इ. स. 1278 च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केले. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून आपण त्याला वंदन करतो ते यथायोग्यच आहे. परंतु माझ्या मते त्याहूनही मोठे आहे ते म्हाइंभटाचे लेखकधर्माचे भान. शब्द आपले नव्हेत, आपण केवळ लिहून घेणारे आहोत, आणि लिहिलेल्याला कोणाची तरी साक्ष हवी, ही त्याची शिस्त होती. मूळ प्रत खालशाच्या धाडीत गेली असे संप्रदायात सांगतात, व पुढे निरनिराळ्या जाणत्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करताना जे पाठभेद निघाले, तेही पुसून न टाकता पोथ्यांतून जपले गेले.

याच परंपरेने पुढे चौदाव्या शतकात एक उलट पाऊल टाकले. पवित्र ग्रंथ अनधिकाऱ्याच्या हाती पडू नयेत म्हणून महानुभावांनी सकळ लिपी आदी सांकेतिक लिप्या योजिल्या, आणि त्या इतक्या सफल झाल्या की विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल करीपर्यंत, मराठी वाङ्मयाचे एक अख्खे दालन मराठी वाचकाला पाच शतकांहून अधिक काळ बंद राहिले. पोथ्या होत्या, त्यांची भाषाही मराठीच होती. नव्हती ती केवळ किल्ली.

लेखनाची दुसरी गरज वेगाची. वेगाने लिहिण्याची मोडी लिपी यादवांचा देवगिरीचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने प्रचारात आणली अशी जुनी आख्यायिका आहे; तिच्या खरेपणाविषयी पंडितांत मतभेद आहेत, आणि आपल्या प्रकरणी तिचे महत्त्व इतकेच की बोरू न उचलता लिहिण्याची निकड दरबारी कामकाजाने निर्माण केली. मराठवाड्यातील दप्तरांनी आणखी एक पेच पाहिला. निजामी राज्यात 1884 साली राजभाषेच्या स्थानी फार्सी जाऊन उर्दू आली, आणि कुळाने मराठीत दिलेली जबानी कचेरीत उर्दूत नोंदली जाऊ लागली; ऐकायचे एका भाषेत आणि लिहायचे दुसरीत, हा कारभार त्या पिढ्यांनी पाहिला. वेगाच्या निकडीला दुसरे उत्तर म्हणजे आयझॅक पिटमनचे लघुलेखन; ते 1837 सालचे. त्याच धर्तीवर मराठी लघुलेखनही घडले. 27 ऑगस्ट 1981 रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरात बसू लागले, तेव्हाही न्यायमूर्तींचे तोंडी आदेश टिपणाऱ्या लघुलेखकावाचून कामकाज चालणे अशक्यच होते. उच्च श्रेणीच्या लघुलेखकाला मिनिटाला 120 शब्द टिपता यावे लागतात.

यंत्राला कान आले ते 1952 साली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या 'ऑड्री' यंत्राला शून्य ते नऊ एवढे अंकच कळत, तेही परिचित आवाजात, थांबून थांबून उच्चारले तर. आंध्रात जन्मलेल्या राज रेड्डी यांच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील चमूने 1976 मध्ये 'हार्पी' सिद्ध केली, तिचा शब्दसंग्रह हजाराच्या थोडा वर होता. त्यानंतर संख्याशास्त्राने व्याकरणाला मागे सारले. आणि सप्टेंबर 2022 मध्ये ओपनएआयने सुमारे 6,80,000 तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकविलेली 'व्हिस्पर' प्रणाली सर्वांस खुली केली. ती आवाजाचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडते, प्रत्येकाचे कंपनचित्र काढते, आणि त्यावरून पुढचा शब्द कोणता असावा याचा अदमास बांधते. अदमास हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे.

आता चित्रफितीचे. पेशवे दप्तरातील रुमालात जसे अनेक कागद एकत्र बांधलेले असत, तशीच चित्रफीत हा एक रुमाल असून त्यात चित्र, ध्वनी आणि उपशीर्षके निरनिराळ्या संकेतांत बांधलेली असतात. हे संकेत एकस्वाखाली असतील तर ते उलगडणाऱ्या प्रणालीच्या कर्त्याला हक्कदारांचा शुल्करूपी कर भरावा लागतो. ही अडचण ओळखून झिफ संस्थेने ऑग घडविले, ऑन2 कंपनीने खुल्या केलेल्या व्हीपी3 मधून थिओरा निघाले, 2002 साली मात्रोश्का आले, आणि 19 मे 2010 रोजी गूगलने मात्रोश्काच्याच पायावर वेबएम जाहीर केले. विकिमीडिया कॉमन्सवर चित्रफीत ठेवायची तर ती अशाच खुल्या स्वरूपात असावी लागते. वेबएम फितीतील ध्वनी एफएफएमपेग या मुक्त साधनाने वेगळा काढावा, तो व्हिस्परला द्यावा, आणि कालखुणांसहित मजकूर घ्यावा. या साखळीत कोणाचीही परवानगी मागावी लागत नाही. सकळ लिपीचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला याची थोरवी निराळी सांगावी लागणार नाही.

यंत्र आता न्यायालयातही पोचले आहे. सर्वोच्च न्यायालयात यंत्राकरवी कामकाजाचे थेट श्रुतलेखन प्रथम झाले ते 21 फेब्रुवारी 2023 रोजी, आणि योगायोग असा की तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या घटनापीठापुढे त्या दिवशी वाद चालू होता तो महाराष्ट्रातील शिवसेनेचाच.

तथापि यंत्राची कीर्ती ऐकून हुरळून जाण्यात अर्थ नाही. व्हिस्परच्या शिक्षणात मराठीचा वाटा अगदी अल्प. तिला मराठी ऐकवून इंग्रजी लिहून घेता येते, म्हणजे निजामी कचेरीचा तो जुना रिवाज नव्या वेषात हजर आहेच. 'काय करायलास?' असे मराठवाड्यातील कोणी सहज विचारले, तर कागदावर 'काय करतोस?' उमटण्याचा, अथवा मध्येच हिंदी वळण येण्याचा, संभव असतो. दखनीमिश्रित बोलण्याची गत तर विचारूच नये. याहून गंभीर दोष असा की शांतता असेल तेथेही ही प्रणाली कधी कधी कोणीही न उच्चारलेली वाक्ये लिहून मोकळी होते, आणि तीही शुद्ध, ठाम, संशयाचा लवलेश नसलेली. पाठभेद नोंदवून ठेवणाऱ्या जुन्या लेखकूपुढे हा नवा लेखकू या बाबतीत कनिष्ठ आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. मद्रास आयआयटीतील 'एआयफॉरभारत' आणि केंद्राचा 'भाषिणी' प्रकल्प भारतीय भाषांसाठी झटत आहेत. त्यांना खतपाणी लागेल ते आपल्या बोलींच्या खुल्या ध्वनिमुद्रणांचे.

म्हणून मराठवाड्यातील वाचकांना विनंती अशी की, निजामाविरुद्धचा मुक्तिसंग्राम पाहिलेल्या वृद्धांच्या वा जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आज्यांच्या चित्रफिती घरात असतील, तर त्या खुल्या स्वरूपात उतरवून ठेवाव्या, यंत्राकडून मजकूर करून घ्यावा, तो त्या गावचे बोलणे जाणणाऱ्या दोघांनी तरी फितीशी ताडून पाहावा, शंकास्थळी खूण करावी, आणि मजकूर तयार झाला म्हणून मूळ फीत पुसू नये.