किटी नॉक्सचं सभासदकार्ड

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या पोरांनी दर रविवारी सकाळी नदीकाठच्या रस्त्याने सायकली काढायचं ठरवलं. विहारासमोरून निघायचं, पुलापर्यंत जायचं, चहा प्यायचा, परत यायचं. ग्रुपला नाव दिलं, त्यात 'भीम' हा शब्द आला आणि लगेच उपदेश सुरू झाला. "सायकलला कसली आली जात? शहरात एवढे ग्रुप आहेत, त्यात जा की. वेगळी चूल कशाला?" उपदेश करणारे सगळे बाहेरचे नव्हते. त्यात आपलेच दोन सुशिक्षित नोकरदारही होते.

या प्रश्नाचं उत्तर मला अमेरिकेच्या इतिहासात सापडतं. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी लोकांना अर्पण केली होती, त्यामुळे तो इतिहास आपल्याला परका नाही.

१८९० च्या दशकात अमेरिकेत सायकलचं वेड पसरलं होतं. एका चांगल्या सायकलची किंमत शंभर डॉलरच्या आसपास, म्हणजे कष्टकऱ्याच्या कित्येक आठवड्यांची मजुरी. सायकलस्वारांची सर्वांत मोठी संघटना होती 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन', स्थापना १८८०. चांगले रस्ते व्हावेत म्हणून ती सरकारशी भांडायची, शर्यतींना मान्यता द्यायची, सभासदांना हॉटेलात सवलत मिळवून द्यायची. नागरिकांच्या हक्कासाठी लढणारी प्रागतिक संघटना, असा तिचा लौकिक होता.

याच संघटनेचं अधिवेशन फेब्रुवारी १८९४ मध्ये ओहायो नदीकाठच्या लुईव्हिल शहरात भरलं. तिथल्याच एका वकिलाने, विल्यम वॉट्सने, घटनादुरुस्ती मांडली: सभासदत्व फक्त गोऱ्यांना. युक्तिवाद असा की काळे सभासद असतील तर दक्षिणेतले गोरे लीगमध्ये येणार नाहीत आणि संघटना वाढणार नाही. आधी हा प्रयत्न फसला होता. या वेळी १२७ विरुद्ध ५४ मतांनी तो मंजूर झाला. 'गोरा' हा एक शब्द घटनेत घुसला.

यात काळ्यांनी लीगचं काय बिघडवलं, हे कोणी विचारलं नाही. चर्चा फक्त 'आपले लोक नाराज होतील' याची होती. आपल्याकडे विहिरीवर, मंदिरात, भाड्याच्या घराच्या दारात हेच ऐकू येतं ना? "आमची काही हरकत नाही हो, पण सोसायटीतले बाकीचे..."

आता किटी नॉक्सकडे येऊ. जन्म १८७४, केंब्रिज, मॅसेच्युसेट्स. वडील कृष्णवर्णीय, व्यवसायाने शिंपी, आई गोरी. किटी स्वतः शिवणकाम करून पोट भरायची. चार्ल्स नदीच्या अलीकडे बॉस्टन, पलीकडे केंब्रिज. बॉस्टनच्या बाजूला वेस्ट एंड ही मजुरांची, स्थलांतरितांची, काळ्यांची वस्ती. तिथे कृष्णवर्णीयांचा स्वतःचा सायकल क्लब होता, नावातच नदीकाठ: रिव्हरसाइड. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या कृष्णवर्णीय सायकल क्लबांपैकी हा एक. सोबतीने फेऱ्या काढणं, सण-समारंभ साजरे करणं, एकमेकांना धरून राहणं, असा तो सामाजिक क्लब. किटी या क्लबात होती.

आणि ती लीगचीही सभासद होती. वर्णबंदीच्या आधी, १८९३ सालीच तिने कार्ड घेतलेलं होतं. आमच्या त्या दोन नोकरदारांनी इथे जरा थांबावं. आपल्या माणसांचा क्लबही आणि सर्वांच्या संघटनेतला हक्कही, दोन्ही तिने एकदम धरले. एक घेतलं म्हणून दुसरं सोडावं लागतं, असं तिला वाटलं नाही.

४ जुलै १८९५ ला चार्ल्स नदीवरच्याच वॉल्थॅम गावी सायकलस्वारांचा मेळा होता. पोशाखाच्या स्पर्धेत किटीने बक्षीस मिळवलं. पोशाख स्वतः शिवलेला, आणि घागरा नव्हे, तर गुडघ्याखाली येणारी विजार! त्या काळी बाईने विजार घालून सायकलवर बसणं हाच मोठा गुन्हा होता. काळेपण, बाईपण आणि मजूरपण, तिन्ही बंधनं तिने एकाच दुपारी झुगारली.

त्याच महिन्यात ती न्यू जर्सीतल्या ॲसबरी पार्कला लीगच्या राष्ट्रीय मेळाव्याला गेली. तिथे तिच्या सभासदत्वावर वाद घातला गेला. तिला कार्ड दाखवूनही नाकारलं, असं काही वर्तमानपत्रांनी छापलं; काहींनी ते खोडून काढलं. देशभर बातमी झाली एवढं मात्र खरं. शेवटी लीगच्याच मुखपत्राला कबूल करावं लागलं की तिचं सभासदत्व बंदीच्या आधीचं आहे, दुरुस्ती मागच्या तारखेपासून लागू होऊ शकत नाही, म्हणून ती सभासदच आहे.

कागदावर हक्क होता. तो आहे हे लीगकडून वदवून घेण्यासाठी मात्र तिला स्वतः तिथे जाऊन उभं राहावं लागलं. महाडचं काय झालं होतं? सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ ला झाला. महाड नगरपालिकेने १९२४ ला तो मान्य केला. आणि चवदार तळ्याचं पाणी आपल्या ओंजळीत कधी आलं? २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांच्या मागे माणसं चालत गेली तेव्हा. पण त्याआधी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली होती, हे विसरू नका. ती 'वेगळी चूल' नसती तर तळ्यापर्यंत कोण गेलं असतं?

खेळात जात नसते म्हणणाऱ्यांनी पळवणकर बाळूंचं नाव ऐकलंय का? त्याच सुमारास पुण्यात हिंदूंच्या संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती. मैदानात चेंडू त्यांच्या हातून घेतला जायचा, चहा मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या कुल्हडात. (पुढे १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. तो वेगळा लेख.)

किटी १९०० साली गेली, वय अवघं २६. केंब्रिजच्या माउंट ऑबर्न दफनभूमीत तिच्या कबरीवर नावाचा दगड बसायला २०१३ उजाडावं लागलं. लीगची ती वर्णबंदी रीतसर मागे घेतली गेली १९९९ मध्ये. तोपर्यंत आपल्याकडे दलित पँथरला २७ वर्षं होऊन गेली होती.

आमच्या पोरांनी ग्रुपचं नाव बदललेलं नाही. शहरातल्या मोठ्या ग्रुपच्या पुढच्या फेरीलाही ते जाणार आहेत, याच नावाचे टी-शर्ट घालून. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला विहारासमोर जमायचंय. पंक्चरचं सामान सोबत आणा, मागच्या वेळी दोघांचं चाक बसलं होतं.

जय भीम.