उपग्रह, शाळा आणि वाचायला शिकणारे मूल

1 ऑगस्ट 1975 रोजी सहा राज्यांतील सुमारे 2400 खेड्यांत थेट उपग्रहावरून दूरचित्रवाणी पोहोचली. ‘साइट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या प्रयोगासाठी नासाने आपला एटीएस-6 उपग्रह भारताला वर्षभर वापरायला दिला होता. त्यासाठीचा करार 1969 मध्ये विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने झाला. प्रक्षेपण पाहायला मात्र ते हयात नव्हते.

प्रयोगामागील भौतिकी देखणी होती. उपग्रहावरच 9 मीटर व्यासाची अँटेना असल्याने 860 मेगाहर्ट्झचा संदेश पुरेसा प्रबळ येई आणि खेड्यात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची 3 मीटरची तबकडी भागे. अवघड यंत्रणा आकाशात, स्वस्त उपकरण जमिनीवर.

रोज सकाळी दीड तास 5 ते 12 वयोगटासाठी कार्यक्रम असत. भाषा व अंकज्ञानाची मूलभूत कौशल्ये वाढवणे हाही त्यांचा एक हेतू होता. परंतु पडदा केवळ बोलत होता, आणि वाचन नुसते पाहून येत नाही. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारात मात्र ‘क’ आधी. हा मेळ मूल मोठ्याने वाचून, अडखळून आणि कुणीतरी सुधारल्यावर पक्का करते. 20 सप्टेंबर 2004 रोजी इस्रोने एज्युसॅट सोडला, तेव्हा दुतर्फा संवादाची सोय आली. तरी स्टुडिओतला एक शिक्षक शेकडो वर्गांतील एकेका मुलाचे वाचन ऐकणार कसा?

ऐकण्याचे काम यंत्राकडे गेले ते 2019 मध्ये. गूगलचे ‘बोलो’ हे अॅप मुलाचे वाचन ऐकून चुकलेला शब्द दाखवू लागले. त्याची आरंभीची चाचणी उत्तर प्रदेशातील सुमारे 200 खेड्यांत झाली. पुढच्या वर्षी ‘रीड अलाँग’ या नव्या नावासह त्यात मराठीही आली. हे काम वाटते तितके सोपे नाही. मुलांचा स्वरमार्ग आखूड, म्हणून त्यांच्या आवाजातील अनुनादाच्या वारंवारता उंच. प्रौढांच्या आवाजावर घडवलेली प्रणाली तिथे अधिक चुकते. त्यात बोलीभाषेतील उच्चार चूक ठरण्याचा धोका आहेच.

‘असर’च्या पाहण्यांनुसार 2018 ते 2022 या काळात ग्रामीण भागात स्मार्टफोन असलेल्या घरांचे प्रमाण सुमारे 36 टक्क्यांवरून 75 टक्क्यांवर गेले. त्याच काळात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुले 27.3 टक्क्यांवरून 20.5 टक्क्यांवर घसरली. याचा दोष फोनला देणे अन्यायाचे होईल, कारण मधल्या काळात शाळाच बंद होत्या. पण घरात आलेल्या फोनने शाळेची जागा भरून काढली नाही, एवढे निश्चित. 2024 मध्ये हे प्रमाण 27.1 टक्के झाले, म्हणजे सहा वर्षांनी जवळपास पूर्वीच्याच जागी. आणि हे मोजले गेले ते छापील कागदावर: प्रत्येक मुलाजवळ बसून, त्याचे वाचन कानांनी ऐकून.