२-१४, आणि पुन्हा २-१४

गेल्या वर्षी आमच्या टीमला नवा मॅनेजर आला होता. वर्षाअखेरीस एचआरचा फॉर्म आला. प्रश्न होता, नव्या मॅनेजरमुळे कामात काय फरक पडला? रिलीज त्याही वर्षी लेटच झाले होते. मी दोन सेकंद विचार केला आणि "काही खास नाही" असं लिहून टाकलं. दोन महिन्यांनी त्याला प्रोजेक्टवरून हलवलं. तेव्हा काही वाटलं नाही. मग एका शनिवारी अमेरिकन फुटबॉलची जुनी आकडेवारी चाळत बसलो होतो (हो, आहे मला हा नाद!) आणि १९७९ सालापाशी अडकलो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर आणखी चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्याकडे. चेंडू आपल्याकडे असताना खेळणारे खेळाडू म्हणजे ऑफेन्स, समोरच्याला अडवणारे म्हणजे डिफेन्स. एकाच टीममधली दोन वेगळी डिपार्टमेंट म्हणा ना. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर १९७८ साली सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सची अवस्था अगदी दयनीय होती. १६ मॅचेसमध्ये २ विजय, १४ पराभव. एकाच सीझनमध्ये दोन कोच होऊन गेले. एवढं वाईट खेळलं की पुढच्या ड्राफ्टमध्ये नव्या खेळाडूंतून पहिली निवड मिळते. पण ती निवड त्यांनी ओ. जे. सिम्पसन या उतरणीला लागलेल्या स्टारच्या बदल्यात आधीच बफेलोला देऊन टाकली होती. म्हणजे आजही नाही आणि उद्याही नाही!

१९७९ मध्ये बिल वॉल्श आला, स्टॅनफर्ड विद्यापीठाची टीम सोडून. त्याची पद्धत मात्र त्याआधीची, सिनसिनाटीतली. तिथे तो असिस्टंट असताना ग्रेग कुक नावाच्या जबरदस्त क्वार्टरबॅकचा खांदा १९६९ साली दुखावला. त्याच्या जागी आला व्हर्जिल कार्टर. हातात तेवढा जोर नाही, पण नेम चांगला आणि डोकं तल्लख. (याच कार्टरने १९७१ मध्ये फुटबॉलवर ऑपरेशन्स रिसर्चचा पेपर लिहिलाय. आपल्यातलाच निघाला.) वॉल्शने त्याच्यासाठी लांब पासऐवजी आखूड, वेळ मोजून टाकायचे पास बसवले. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर सिक्सरच्या मागे न लागता एकेक-दोनदोन धावा काढत राहायचं.

हीच पद्धत तो सॅन फ्रान्सिस्कोला घेऊन आला. क्वार्टरबॅक कोण? आदल्या वर्षीचाच, स्टीव्ह डीबर्ग. १९७८ मध्ये त्याने ३०२ पास टाकले होते, पैकी १३७ जमले, म्हणजे ४५ टक्के. २२ पास समोरच्यांनी पळवले. १९७९ मध्ये ५७८ पास, ३४७ जमले, ६० टक्के! पास जवळजवळ दुप्पट टाकूनही पळवले गेले फक्त २१. आता मागे पडलेली टीम जास्त पास टाकते हे खरं, त्यामुळे ५७८ या आकड्याला भुलू नका. पण माणूस तोच असताना ४५ चे ६० होतात, याचं श्रेय कोणाला द्यायचं? टीमचे गुण २१९ वरून ३०८ वर गेले, मॅचेस दोन्ही वर्षी १६ च.

आणि सीझनचा निकाल? २-१४. पुन्हा.

मी दोनदा तपासून बघितलं. कारण साधं आहे. डिफेन्सने १९७८ मध्ये ३५० गुण दिले होते, १९७९ मध्ये ४१६ दिले. एका डिपार्टमेंटने ८९ कमावले, दुसऱ्याने ६६ घालवले. वरून बघणाऱ्याला दिसणार "काही खास नाही".

पुढच्या वर्षी तर ओळीने आठ मॅचेस हरले. ६-१० वर सीझन संपला. मालक एडी डीबार्टोलोने तरीही वॉल्शला काढलं नाही. १९८१ मध्ये वॉल्शने डिफेन्सच्या मागच्या फळीत रॉनी लॉटसकट तीन कोरी पोरं घेतली, फ्रेड डीनसारखा अनुभवी माणूस आणला. डिफेन्सने दिलेले गुण ४१५ वरून थेट २५० वर! ऑफेन्सची सूत्रं आता जो मॉन्टॅनाकडे होती (१९७९ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीत घेतलेला), त्यांचे गुण ३५७. निकाल १३-३, आणि जानेवारी १९८२ मध्ये सुपर बोल.

गंमत बघा. १९७९ ते १९८१ मध्ये ऑफेन्स ४९ गुणांनी सुधारला, डिफेन्स १६६ नी. म्हणजे ज्या वर्षी जग वॉल्शच्या ऑफेन्सचे गोडवे गायला लागलं, त्या वर्षीची मोठी उडी डिफेन्सची होती. ऑफेन्सची मोठी उडी आधीच होऊन गेली होती, २-१४ च्या वर्षी, कोणाचं लक्ष नसताना.

तेव्हा नवा कोच ऑफेन्स सुधारू शकतो का? शकतो, एका वर्षात आणि जुन्याच माणसांकडून. फक्त ते जिंकलेल्या मॅचेसच्या कॉलममध्ये शोधायचं नाही.

त्या शनिवारी रात्री मी आमच्या बिल्डचे जुने लॉग उघडले. तो मॅनेजर यायच्या आधी आमचा बिल्ड आठवड्यातून दोन-तीनदा तुटायचा. त्याने कोड रिव्ह्यू सुरू केले (आम्ही भरपूर कुरकुर केली होती), त्यानंतर महिन्यातून एकदा वगैरे. रिलीज लेट व्हायचे ते दुसऱ्या टीमचं मॉड्यूल वेळेवर येत नसे म्हणून. हे मला तेव्हाही माहीत होतं. फॉर्ममध्ये लिहायला जागाही होती.

सोमवारी त्याला मेल टाकला, बिल्डचा ग्राफ जोडून. उशीर झालाय, कळतंय मला.