गाळण्याच्या कापडापासून आरओपर्यंत



पाणी गाळून प्यायला आपल्याला घरातच शिकवतात, पण त्यालाही इतिहास आहे. पंडित आशाधरांनी तेराव्या शतकात ‘सागारधर्मामृत’ लिहिलं. त्यात श्रावकाच्या मूलगुणांच्या एका यादीत रात्रिभोजनत्याग आणि जीवदया यांच्या पंगतीत जलगालन आहे. कापड जाड, सुती, दुहेरी घडीचं. गाळलेलं पाणी एक मुहूर्त, म्हणजे 48 मिनिटं चालतं. उकळलेलं चोवीस तास. गाळून झालं म्हणजे काम संपलं असं नाही. कापडाची आतली बाजू गाळलेल्या पाण्यानं विसळायची आणि ती जिवाणी त्याच विहिरीत परत सोडायची. वरून ओतायची नाही. बुडाला कडी असलेलं भांडं दोरानं पाण्यापर्यंत न्यायचं आणि तिथे अलगद कलतं करायचं.

हे सगळं त्या जिवांसाठी होतं, आपल्या पोटासाठी नव्हे. हे मुद्दाम सांगते, कारण ‘पूर्वजांना जंतुशास्त्र माहीत होतं’ असे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. तसा दावा करायची गरजच नाही. फायदा झाला तो आपसूक झाला.

केवढा झाला, ते नारूवरून कळतं. आपल्या वयाच्या बायकांनी हा शब्द ऐकला असेल. पायऱ्यांच्या विहिरीत, बारवेत सायक्लॉप्स नावाचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे पाणकिडे असतात. नारूची अळी त्यांच्या पोटात असते. असं पाणी प्यायलं की साधारण वर्षानं हातभर लांब जंत बहुतेक वेळा पायातून बाहेर येतो. आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवतो, जंत तिथेच अळ्या सोडतो आणि चक्र पुन्हा सुरू होतं. अलेक्सेई फेदचेन्को या रशियन संशोधकानं 1870 च्या सुमारास सायक्लॉप्सचा हा दुवा शोधला. नारूवर लस नाही, जंत मारणारं खात्रीचं औषध नाही. महाराष्ट्रही नारूग्रस्त राज्यांत होता. सरकारी मोहिमेत विहिरींच्या पायऱ्या बंद केल्या, हातपंप बसवले आणि घरोघरी पाणी गाळायचं कापड दिलं. भारतातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात सापडला; 2000 मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला.

बांगलादेशातला प्रयोग तर खास बायकांचा. रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मतलब भागातल्या गावांत जुन्या सुती साडीची आठ पदरी घडी करून पाणी गाळायला शिकवलं. 2003 मध्ये निष्कर्ष छापले: कॉलरा जवळपास निम्म्यानं, 48 टक्क्यांनी घटला. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जिवांना चिकटून राहतात, ते कापडात अडकतात. धुऊन धुऊन विरलेली साडी नव्या साडीपेक्षा बरी, कारण तिचे धागे फुलून छिद्रं बारीक होतात.

पण सुटा जंतू कापडातून सहज जातो. 1892 साली हँबुर्गनं एल्ब नदीचं न गाळलेलं पाणी पुरवलं आणि कॉलऱ्यात आठ हजारांवर माणसं गेली. लागून असलेलं आल्टोना तीच नदी, हँबुर्गचं सांडपाणी मिसळलेली, पीत होतं. पण वाळूतून गाळून. ते बरंचसं वाचलं. बर्केफेल्डची मातीची कँडल याच काळातली. आपल्या स्टीलच्या फिल्टरमधल्या पांढऱ्या कँडल त्याच कुळातल्या.

कापड, वाळू, कँडल यांतलं कुणीही विरघळलेल्या क्षारांना हात लावत नाही. लावतो तो आरओ. 1960 च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोएब आणि आपले श्रीनिवास सौरिराजन यांनी त्याचा उपयोगी पडदा बनवला, तो समुद्राचं पाणी गोडं करण्यासाठी. पहिला प्रकल्प 1965 मध्ये कोलिंगा गावात निघाला, जिथलं पाणीच मचूळ होतं. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या बोअरवेलला आरओ वरदान आहे. धरणाच्या गोड्या पाण्याला कशासाठी?

मी कॉमर्सची, म्हणून हिशोब मांडते. लिटरभर पाण्यात 40 मिलिग्रॅम कॅल्शियम धरलं, तर दोन लिटरमधून 80 मिळतं. दिवसाची गरज 1000 मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे आठ टक्के. थोडंच, पण फुकट. आणि आपल्या वयात हाडांचं दुखणं घरोघरी. आरओ ते जवळपास सगळं काढतो. शिवाय अशा पाण्यात भाजी शिजवून पाणी ओतून दिलं, तर भाजीतले क्षारही जातात.

दुसरी बाजू वाया जाणाऱ्या पाण्याची. लिटरमागे तीन लिटर नाल्यात गेले आणि घराला रोज 12 लिटर लागले, तर वर्षाला 13,140 लिटर. आपल्याकडे पाणी स्वतःच जीव आहे, अप्काय. राष्ट्रीय हरित लवादानंही 2019 मध्ये टीडीएस 500 पेक्षा कमी असेल तिथे आरओवर बंदी घालायला सरकारला सांगितलं होतं. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. टीडीएस मोजायचं पेनसारखं यंत्र स्वस्तात मिळतं. विक्रेत्याला बोलावण्याआधी नळाचं पाणी स्वतः मोजून घ्या. आकडा कमी आला, तरी जंतूंसाठी उकळणं किंवा यूव्ही हवंच, ते टीडीएसमध्ये दिसत नाहीत.

जिवाणीचं काय, हा प्रश्न मात्र उरतोच. आरओच्या आधीच्या गाळणीत जे अडकतं ते मेकॅनिक सहा महिन्यांनी कचऱ्यात टाकतो. आमच्या स्वाध्याय मंडळात यावर दोन तट आहेत, आणि तोवर नळाला कापड बांधणं दोघांकडेही चालू आहे.