मुलांच्या पोटगीचा हक्क : रूढी, चर्च आणि कायदा

कोकणात कौटुंबिक तंटे पूर्वापार गावकीत किंवा जातीच्या पंचांपुढे मिटविले जात. ‘काडीमोड’ हा शब्द त्याच व्यवस्थेतला. अशा रूढींचा अभ्यासही जुना आहे. मुंबई इलाख्यात आर्थर स्टील यांनी दख्खनमधील जातींचे विवाहविषयक रिवाज संकलित केले व तो ग्रंथ १८२७ साली प्रसिद्ध झाला. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २९ नुसार रूढीने मिळणारा काडीमोड आजही मान्य आहे. मात्र ती रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते.

ख्रिस्ती विवाहास असा आधार नाही. तो संपुष्टात आणण्याचा अधिकार १८६९ च्या घटस्फोट कायद्याने केवळ न्यायालयाला दिला आहे. चर्चच्या न्यायमंडळाने विवाह अवैध ठरविला तरी त्यामुळे नागरी कायद्याने विवाह संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले. म्हणून पंचांसमोर केलेल्या सोडचिठ्ठीच्या कागदावर विसंबून कोणी पुनर्विवाहाचा विचार करू नये.

विवाहाचे काहीही होवो, अपत्याची जबाबदारी सुटत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ (१ जुलै २०२४ पूर्वीचे कलम १२५) सर्व धर्मीयांना लागू आहे. ऐपत असूनही मुलांकडे दुर्लक्ष करणाऱ्या पित्यास दरमहा पोटगी देण्याचा आदेश होऊ शकतो. अपत्य औरस असो वा अनौरस. पूर्वीची पाचशे रुपयांची मर्यादा २००१ साली रद्द झाली. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला.

पती मुंबईस किंवा आखातात असला तरी रत्नागिरीत राहणारी पत्नी येथील न्यायालयातच अर्ज करू शकते. स्त्रिया व बालकांना, उत्पन्न कितीही असले तरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. अर्जासोबत धर्मग्रामाच्या नोंदवहीतील विवाहाचा व बाप्तिस्म्याचा दाखला जोडावा.

चर्चची शिकवणही हेच सांगते. कॅनन ११३७ नुसार, वैध समजून झालेल्या विवाहातील मुले औरसच राहतात. विवाह अवैध ठरविताना अपत्यांच्या पालनपोषणाच्या नैतिक व नागरी कर्तव्याची आठवण उभयतांना द्यावी, असे कॅनन १६९१ सांगतो. पतिपत्नींतील समझोता कितीही सामोपचाराचा असला, तरी लेकराच्या हक्कावर पाणी सोडण्याचा अधिकार त्या दोघांपैकी कोणालाही नाही.